रात्री बर्फ गोठला होता का?

एप्रिलच्या टपालात दरवर्षी सह्याद्री मागे पडतो. हरिश्चंद्रगडावर पाणी कुठे मिळेल, गोरखगडाचा कातळटप्पा कसा उतरायचा, असले प्रश्न आटतात आणि हिमालयाची पत्रं सुरू होतात. परीक्षा संपलेल्या असतात. ठाण्यात बाहेर अंगाची काहिली होत असताना नौपाड्यातल्या दुकानांत लोक कानटोप्या घालून बघत असतात. या वेळची पत्रं एकजात बर्फाची आहेत, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : बाई, मागच्या वर्षी एप्रिलअखेर आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतले अकरा जण हिमाचलात ट्रेकला गेलो होतो. खिंडीच्या दिवशी पहाटे तीनला उठवलं, पण आवरून निघेपर्यंत साडेपाच झाले. ऊन पाठीवर घेत मजेत चढत होतो. स्वच्छ हवा, वारा नाही. आदल्या रात्री मात्र आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे थंडी बेताची होती आणि झोप छान लागली. बर्फ मऊ होता, पाय नडगीपर्यंत जात होते. बाजूच्या उतारावरून बर्फाच्या छोट्या गुंडाळ्या गडगडत येत होत्या, मुलांनी त्यांचे व्हिडिओ काढले. साडेदहाला खिंड तासा-दीड तासावर दिसत असताना लीडरने सगळ्यांना परत फिरवलं. कारण विचारलं तर 'बर्फ ठीक नाही' एवढंच. इतक्या सुंदर दिवशी! आमची फसवणूक झाली असं सगळ्यांचं मत आहे. पैसे परत मागावेत का?

उत्तर : पैशांचं शेवटी बघू. जागेचं आणि संस्थेचं नाव तुम्ही दिलं होतं, ते मी गाळलं आहे, कारण तुम्ही तक्रार लिहायला बसलात आणि लिहून गेलात त्या लीडरची कैफियत. तुमच्या पत्रातली चार वाक्यं पुन्हा वाचू या.

पहिलं, 'आदल्या रात्री आभाळ भरून आलं होतं.' मला विचाराल तर सगळं पत्र या वाक्यात आहे. एप्रिल-मेचा बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री गोठतो. दिवसा वरच्या थरात पाणी होतं, ते बर्फाच्या दाण्यांमध्ये शिरतं. रात्री तेच पाणी गोठून दाण्यांना एकमेकांशी जखडतं, आणि सकाळी त्यावरून चालताना बूट वाजतात. पण हे गोठणं घडायला रात्री उष्णता बाहेर जावी लागते. आकाश मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता सरळ वर सोडून देतो, इतकी, की हवा शून्याच्या थोडी वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग शून्याखाली जातो. खोटं वाटत असेल तर महाबळेश्वर आठवा. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, आणि त्याच बातमीत गावातलं तापमान चार-सहा अंश दिलेलं असतं. तापमापक हवेचं तापमान सांगतो. गवताचं पातं आणि गाडीचं टप त्याहून गार झालेलं असतं.

ढग आले की हा कारभार बंद. ढग म्हणजे गोधडी. तुम्हाला त्या रात्री ऊब मिळाली, झोप लागली, आणि तीच ऊब बर्फालाही मिळाली. आदल्या दिवशीचं पाणी गोठलंच नाही. तुम्ही सकाळी निघालात ते कालच्या दुपारच्या बर्फावर.

दुसरं, 'ऊन पाठीवर घेत.' सकाळचं ऊन पाठीवर आलं म्हणजे तुमचं तोंड पश्चिमेला, म्हणजे उतार पूर्वेकडे तोंड करून. असल्या उताराला दिवसाचं पहिलं ऊन लागतं. एप्रिलअखेर तिकडे सूर्य सहाच्या आधीच उगवतो. साडेदहापर्यंत त्या उतारानं चार तासांवर ऊन खाल्लं होतं. तीच खिंड उत्तरेच्या अंगानं चढायची असती तर कदाचित बाराही चालले असते. पूर्वेचा उतार आधी बिघडतो, मग दक्षिणेचा, दुपारनंतर पश्चिमेचा. उत्तरेचा सगळ्यात उशिरा, पण त्याच्या पोटात हिवाळ्यातले कच्चे थर दडलेले असू शकतात, तेव्हा तोही सभ्य समजू नये.

तिसरं, 'नडगीपर्यंत पाय.' गोठलेल्या वसंतातल्या बर्फावर बुटाची टाचसुद्धा धड उमटत नाही. घोट्यापर्यंत जायला लागला की घड्याळ बघायचं. घोट्याच्या वर गेला की त्या उतारावर आपलं काम संपलं, मग खिंड कितीही जवळ दिसो.

आणि चौथ्या वाक्याशी मी चष्मा काढून ठेवला. मुलांनी ज्यांचे व्हिडिओ काढले त्या गुंडाळ्या. सुरळीच्या वडीसारख्या दिसतात ना? एक ओला कण सुटतो, खाली येताना स्वतःभोवती बर्फ गुंडाळत जातो. दोन-चार आल्या तर वरचा थर भिजला एवढाच अर्थ. सारख्या येऊ लागल्या, त्यांचा आकार वाढत गेला, तर पुढची पायरी म्हणजे तो सगळा थरच सुटणं. ओला बर्फ सुटतो तेव्हा कोरड्या बर्फासारखा धुरळा उडवत येत नाही. लोंढ्यासारखा येतो, वजनदार, त्यामानाने सावकाश, आणि थांबला की सिमेंटसारखा बसतो. हातानं उकरता येत नाही. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेकदा वाचतो. त्यानंतर आशा झपाट्यानं घसरते. तुम्ही अकरा जण, जवळ किती फावडी होती?

आता माझी गोष्ट. मे 1989. मी सत्तावीस वर्षांची, नुकतीच शाळेत लागलेली, भौतिकशास्त्र शिकवते या तोऱ्यात. आमच्या ठाण्याच्या गटाबरोबर एक लाहौली गडी होता. तो दर रात्री अडीचला तंबूबाहेर जायचा, वर बघायचा, आणि टाचेनं बर्फावर एक ठोका मारायचा. 'ठक्' वाजलं की आत डोकावून म्हणायचा, "चाय बनाओ." 'फस्स' आवाज आला की, "सो जाओ." बस, एवढंच हवामानखातं. चौथ्या दिवशी 'सो जाओ' झालं. मी सकाळी नवाला वाद घातला की ऊन पडलंय, दिवस फुकट का घालवायचा, आणि दोघांना घेऊन पलीकडच्या नाळेपर्यंत, म्हणजे डोंगरातल्या उभ्या अरुंद घळीपर्यंत, गेले. नाळ आम्हाला घरचीच वाटते हो, सह्याद्रीत त्यातूनच तर चढतो. तिथे एका मोठ्या खडकाला धरून पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत आत. काळा खडक उन्हानं तापतो, त्याच्या कडेचा बर्फ आतून पोखरतो, वरून सपाट दिसतं. पायाखाली पाणी वाहत होतं. मला ओढून काढलं तेव्हा डावा बूट आतच राहिला. उरलेला रस्ता पायाला प्लॅस्टिकची पिशवी आणि मफलर बांधून उतरले. गड्यानं बघितलं, काही बोलला नाही, चहा दिला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून बर्फात मी खडकापासून वावभर लांब चालते. ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलावर आधी काठी आपटते. भरीव बर्फाचा आवाज बद्द येतो, पोकळाचा मडक्यासारखा. आणि खालून पाण्याचा आवाज येत असेल तर तो पूल दुपारी माझ्यासाठी नाहीच.

आता तुमचे पैसे. बर्फासाठी परत मागू नका. लीडरच्या दोन गोष्टी मात्र मला पटल्या नाहीत आणि त्या त्याला जरूर लिहून कळवा. तीनला उठवून साडेपाचला निघणं हा वेळेचा खून आहे, वसंतात एवढ्यावर खिंड मिळते किंवा हुकते. आणि तीन वाजता आभाळ झाकलेलं बघून त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं की आज बहुतेक जमणार नाही. 'बर्फ ठीक नाही' हे खरं होतं, पण प्रौढ माणसांना पूर्ण कारण सांगावं. यंदा जाल तेव्हा तुम्ही त्याला एकच विचारा, रात्री बर्फ गोठला होता का. त्याच्या चेहऱ्यावरून कळेल लीडर कसा आहे ते.

प्रश्न : मी वाशीत राहतो, इंजिनिअर आहे. बर्फ शून्य अंशाला वितळतो. मग दुपारी दहा-बारा अंश असताना डोंगरावरचा बर्फ मे महिन्यापर्यंत टिकतोच कसा? आमच्याकडे ट्रेमधले खडे दहा मिनिटांत पाणी होतात.

उत्तर : तुम्ही इंजिनिअर आहात, तेव्हा आकडे देते. एक ग्रॅम बर्फ उणे दहावरून शून्यावर आणायला साधारण पाच कॅलरी पुरतात. शून्यावरचा तोच ग्रॅम वितळवायला ऐंशी लागतात. म्हणजे हिवाळाभराचा थर तापून शून्यावर येणं हे काम लवकर उरकतं, खरी मेहनत त्यानंतर. वसंताच्या सुरुवातीला वरचा थर थंड आणि जमिनीलगतचा शून्याच्या आसपास असं चित्र असतं. दिवसा झिरपणारं पाणी आत जाऊन गोठतं, गोठताना तीच ऐंशी कॅलरी सोडतं, आणि थर आतून तापत जातो. एक दिवस असा येतो की वरपासून तळापर्यंत सगळा थर शून्यावर. त्यानंतर पडलेलं ऊन थेट वितळवण्याच्या कामी येतं आणि ओढे एकदम फुगतात. पहाडात दुपारचा ओढा सकाळच्या दुप्पट असतो, म्हणून ओढा ओलांडायचा तो पहाटे.

दुसरं कारण रंग. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातला ऐंशी ते नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो. जुना, ओला, दाणेदार बर्फ निम्माच फेकतो. त्यावर धूळ बसली तर आणखी कमी, आणि उन्हाळ्याआधी राजस्थानाकडची धूळ हिमालयात पोचते, बर्फावर तपकिरी झाक दिसते ती बऱ्याचदा तिची. इथे एक गंमत आहे. आमच्या लहानपणी चेंदणी कोळीवाड्याकडे मासळीसाठी बर्फाच्या लाद्या यायच्या, लाकडाच्या भुशात पुरलेल्या. जाड भुसा ऊन आत जाऊ देत नाही. पण त्याच लादीवर चिमूटभर काळी माती भुरभुरली असती तर ती उघड्या लादीपेक्षाही आधी वितळली असती. हिमनद्यांवर हे दोन्ही दिसतं. पातळ धुळीखालचा बर्फ भराभर जातो, दगडगोट्यांच्या जाड थराखालचा वर्षानुवर्षं राहतो.

आणि तुमच्या ट्रेमधले खडे, त्यांच्या सगळ्या बाजूंनी गरम हवा आहे हो. दोन मीटर थराला फक्त वरची बाजू.

प्रश्न : बाई, मी खारघरला कॉलेजात आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आमचा गट मनालीकडे जातोय. मला तिथल्या बर्फाची काही मोजमापं घ्यायची आहेत. महागडी उपकरणं नाहीत. काय नेऊ?

उत्तर : असं पत्र आलं की आठवडा बरा जातो. ने हे : स्टीलचा सरळ बाजूंचा ग्लास, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा, दांडीचा तापमापक (केकवाल्यांकडे मिळतो तो चालेल), फूटपट्टी, भिंग, वही आणि पेन्सिल. पेनची शाई थंडीत दगा देते.

आधी जागा. खड्डा खणायचा तो सपाटीवर, आणि ज्या सपाटीच्या डोक्यावर उतार नाही तिथे. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिही. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर बर्फ कोसळून सात पर्यटक गेले. ती काही चढाई करणारी माणसं नव्हती, रस्त्यालगत बर्फात उतरली होती, परवानगी होती त्याच्या पुढे जाऊन. उतार चढायलाच लागतो असं नाही, त्याच्याखाली उभं राहणं पुरतं. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सगळ्यात वाईट. फोनमधल्या कोनमापकानं लांबूनच मोजून बघ, डोळ्याला नेहमी चुकीचं वाटतं.

ग्लास बर्फात आडवा खुपसून भर, दाबू नकोस, कड सपाट कर, वजन कर. समज ग्लास 300 मिलिलिटरचा आणि आतला बर्फ 135 ग्रॅम भरला. म्हणजे घनता पाण्याच्या 0.45 पट. ताज्या बर्फाची एक दशांश किंवा त्याहून कमी येते, आणि मेमधला जुना बर्फ जवळजवळ निम्मं पाणी असतो. थराची खोली 80 सेंटीमीटर असेल तर 80 गुणिले 0.45, म्हणजे 36 सेंटीमीटर पाणी त्या जागी उभं आहे. आपल्याकडे जुलैच्या दोन-तीन दणदणीत दिवसांत पडतं तेवढं, आणि ते तिथे महिनोन् महिने न सांडता ठेवलेलं.

मग तापमान, दर दहा सेंटीमीटरला एक. खड्ड्याची सावलीतली भिंत निवड आणि दांडीवर वहीची सावली धर, नाहीतर तापमापकावर ऊन पडून भलताच आकडा येईल. सगळीकडे शून्य आलं तर उपकरण बिघडलंय असं समजू नकोस. तोच तुझा निष्कर्ष.

शेवटी ओलेपणा, त्याला हातमोजा पुरतो. मूठभर बर्फ दाब. गोळा होतच नाही, तर कोरडा. चांगला गोळा झाला, तर दमट. दाबून मोजा ओला झाला, तर ओला. पाणी ठिबकलं, तर फार ओला. तलावपाळीला गोळेवाल्याला बघितलंयस? किसलेल्या बर्फाला थोडं पाणी लागलं की गोळा काडीवर घट्ट बसतो. कुणी लाडानं तिसऱ्यांदा सरबत ओतायला लावलं की तोच गोळा काडीवरून निसटून शर्टावर. थोडं पाणी दाण्यांना धरतं, जास्त पाणी त्यांना सोडवतं. डोंगरावर दुपारी होतं ते हेच, फक्त शर्ट मोठा असतो.

एकाच जागी पहाटे पाच, सकाळी नऊ आणि दुपारी एक अशा तीन नोंदी घे, आणि प्रत्येक वेळी बूट किती रुतला ते सेंटीमीटरात. आदल्या रात्री तारे दिसले का, हा वेगळा रकाना कर. तिकडचे लोक 'ग्लेशियर आया' म्हणाले तर घाबरून हिमनदी शोधू नकोस. कोसळलेला बर्फ आणि नाळेत उरलेला त्याचा ढीग, दोन्हींना तिथे बोलीत ग्लेशियरच म्हणतात. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते, पूर्वी ती सासे म्हणून ओळखली जायची. ते रोज बघ. पण तो इशारा जिल्ह्यासाठी असतो, तुझ्या समोरच्या नाळेसाठी नसतो. वही परत आली की मला दाखव, येताना ग्लास विसरून येऊ नकोस, आई रागावेल.

प्रश्न : आमच्या नेरूळच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर वाद झाला. हिमालयात बर्फ जास्त पडला की आपल्याकडे पाऊस कमी पडतो, असं एक काका म्हणतात. खरं का? आणि आपलं पिण्याचं पाणीही त्या बर्फाचंच ना?

उत्तर : काकांना सांगा, तुमचं म्हणणं एकशेचाळीस वर्षं जुनं आहे, तेव्हा मान आहे. 1875 मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांनी 1884 मध्ये हेच मांडलं. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त राहिला की सूर्याची उष्णता तो वितळवण्यात आणि ओली जमीन सुकवण्यात जाते, जमीन उशिरा तापते, आणि मान्सूनची ओढ कमी पडते. त्याच आधारावर 1886 पासून मान्सूनचे अंदाज निघू लागले. पुढे दिसलं की हे नातं काही वर्षं जुळतं, काही वर्षं साफ फसतं. प्रशांत महासागरातलं एल निनो वगैरे प्रकरण त्यात जास्त वजनदार आहे. काका अर्धे बरोबर. कट्ट्यावर एवढं पुष्कळ.

पाण्याचं मात्र नाही. तुमचं पाणी मोरबे धरणाचं, ठाण्याचं बरंचसं भातसाचं, दोन्ही निव्वळ पावसाळी. बर्फाचं पाणी पितात ते सतलज, बियास, चिनाबच्या काठचे. आणि तो बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांतून, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळांतून, भूमध्य समुद्राकडून. आपल्या मान्सूनचा त्यात हात नाही.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला बर्फात गॉगल घालायला लावणं गरजेचं आहे का? ती काढून टाकते. (पाचपाखाडीहून एक आई)

उत्तर : हो. ताजा बर्फ अतिनील किरणंही खालून परत फेकतो, टोपीच्या झापेचा त्यावर उपयोग नाही, आणि उंचीवर ते किरण मुळातच तीव्र. ढगाळ दिवशीही. डोळे भाजतात ते लगेच कळत नाही. रात्री वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात तेव्हा कळतं. बाजूंनी बंद असलेला गॉगल घ्या, मागे इलॅस्टिक शिवा, आणि इथेच चार दिवस घालून उपवनला फिरवा. सवय झाली की काढत नाही. रंग तिला निवडू द्या.